बुद्धपौर्णिमेची खीर

घाटकोपर, मंगळवार

प्रिय वसुधा,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू आधी घाबरली असशील आणि मग हसली असशील. मुलुंड ते घाटकोपर अंतर ते किती, आणि ही बाई पत्र काय पाठवते! पण मुद्दाम लिहितेय. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, मी तुला बोलू देत नाही, आणि हसून हसून फोन ठेवला की लक्षात येतं, मूळ गोष्ट राहूनच गेली. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावं तर त्या दोन निळ्या खुणा दिसतात आणि मी उत्तराची वाट बघत भाजी करपवते. कागदावर मी कशी सरळ चालते, मध्ये कुणी अडवायला नसतं. मला तुला एक गोष्ट विचारायची आहे. कित्येक दिवसांपासून विचारायची आहे. ती लॉकडाऊनमधल्या एका डब्याची आहे. तुला कदाचित आठवणारही नाही. पण त्या डब्यापाशी माझं मन अडकून बसलंय, आणि आपली मैत्री जितकी मी समजत होते तितकी खरी होती का, हा प्रश्न मला तिथून पुढे जाऊ देत नाही.

डब्यापर्यंत यायचं तर आधी ते दिवस आठवायला हवेत. आता आठवलं तरी हसू येतं, तेव्हा मात्र पाचावर धारण बसली होती. पंतनगरच्या आपल्या इमारतीचं फाटक बंद, आवारात भाजीवाल्याचा टेम्पो, आणि जमिनीवर खडूनं काढलेली वर्तुळं. तुझा ओजस आणि माझी श्रुतिका दोन्ही घरांच्या पिशव्या घेऊन त्या वर्तुळांत उभी राहायची आणि आपण दोघी गॅलरीतून ओरडायचो की भेंडी निवडून घ्या रे, नुसती हाताला येईल ती उचलू नका. मग ती भाजी वर आली की तिचे जे हाल व्हायचे! कुणी सांगितलं मिठाचं पाणी, कुणी सांगितलं सोडा, कुणी म्हणे पोटॅशियम परमँगनेट. मी सगळं केलं. माझी बोटं महिनाभर जांभळी होती आणि बँकेत लोक काउंटरपलीकडून संशयानं बघायचे. तू कोथिंबीर भांड्यांच्या साबणानं धुतलीस आणि तुमच्या आमटीला फेस आला. पाव निर्जंतुक करायला तू तो कुकरमध्ये घातलास आणि नंदकुमारभावजींनी तो चमच्यानं खाल्ला. पण सगळ्यात मोठा पराक्रम आमच्या नवरोबाचा, राजारामचा. त्यानं गुळाची ढेप पिशवीसकट साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवली आणि टीव्ही बघत बसला. पिशवीला भोक होतं. आमच्या घरच्या शेंगदाण्याच्या लाडवांना पुढे कितीतरी दिवस लिंबाच्या साबणाचा वास येत होता, आणि त्यानं ते मुकाट्यानं खाल्ले.

आमच्या घरी हे धुण्या-उकळण्याचं खातं आत्याबाईंकडे होतं. माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे म्हणून तूही पहिल्या दिवसापासून तसंच म्हणायला लागलीस. सुंदराबाई हे नाव तुला ठाऊक तरी होतं की नाही कोण जाणे. वाशिमकडच्या खेड्यातून आलेली ती बाई, शाळेत फार गेली नव्हती. पण टीव्हीवर एकदा सांगितलं की डोक्यात पक्कं बसायचं. दुधाच्या पिशव्या दाराबाहेरच धुवायच्या, फळं पुसून टोपलीत वेगळी, कच्चं आणि शिजवलेलं एका फळीवर नाही, उरलेलं खायचं तर चांगलं उकळी फुटेपर्यंत गरम करून. मी बँकेतून आले की मला मोरीत पाठवायच्या आणि आंघोळ होईस्तोवर पाण्याच्या माठाला हात लावू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, "हात धुऊधुऊ माह्या हातावरच्या रेषा पुसल्या, माय, आता नशीब कुठं पाहू?"

आणि हे सगळं चालू असताना आपल्या दोघींच्या दारांमधली ये-जा बंद पडली होती. समोरासमोर दारं, मध्ये चार पावलांचा जिना, आणि लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हापासून त्या चार पावलांतून वाट्या, डबे, ताटल्या जात-येत होत्या. पहिली वाटी तुझी होती. मी नवी नवरी, घरात कुणी नाही, आणि तू मेतकूट-भाताची वाटी घेऊन सरळ आत. दारावरची पाटी तू वाचली होतीस, भिंतीवरची बुद्धाची तसबीर तुला दिसत होती, आणि तुझ्या घरातल्या घंटेचा आवाज मला ऐकू येत होता. कोण कुठलं हे दोघींना कळलं होतं. तू त्यावर एक शब्द बोलली नाहीस, नुसती म्हणालीस, "तूप घालून खा गं, कोरडं लागतं." दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी त्याच वाटीतून ठेचा पाठवला. रिकामं भांडं परत करायचं नाही, ही रीत तुझ्याकडे होती तशीच आमच्याकडेही होती. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर, चार शेंगदाणे, पण वाटी रिकामी जायची नाही. तुझ्या माहेरच्या मंडळींसमोर तू आत्याबाईंच्या हातची ज्वारीची भाकरी मोडून खाल्लीस आणि तुझ्या काकूंनी भुवया चढवल्या, तेव्हा तू आणखी एक मागून घेतलीस. ती दुसरी भाकरी मी कधी विसरले नाही. माझ्या बहिणी म्हणायच्या, सांभाळून गं, वरवर सगळे गोड असतात. मी त्यांना म्हणायचे, आमच्या वसुधाला तुम्ही ओळखत नाही.

आता डबा. त्या वर्षी बुद्धपौर्णिमा ऐन लॉकडाऊनमध्ये आली. विहार बंद, धम्मवंदना घरातच. आत्याबाईंनी सकाळपासून खिरीचा घाट घातला होता. तुला त्यांची खीर माहीत आहे. तांदूळ जरा भरड, जायफळ, आणि दुधात शिजवून मऊ केलेले खारकेचे तुकडे. दर वर्षी पहिला डबा तुझ्याकडे जायचा. मी म्हटलं, या वर्षी राहू द्या, त्यांच्याकडे भावजींचं जानेवारीत बायपास झालंय. तर त्या म्हणाल्या की मग तर जायलाच हवा. तोंडाला पदर बांधून त्यांनी खीर रटरटा उकळली, डबा उकळत्या पाण्यातून काढला, झाकण चिमट्यानं उचलून लावलं. एखाद्या ऑपरेशनची तयारी असावी तशी. मी डबा घेऊन तुझ्या दाराशी आले. तू जाळीच्या आतून म्हणालीस, "अगं, तिथे स्टुलावर ठेव, मी घेते नंतर." मी ठेवला. त्यात मला काहीच वाटलं नाही, शपथ. तेव्हा सगळं जगच स्टुलावर ठेवत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचरा घेऊन खाली गेले. कचरा न्यायला वर कुणी येत नव्हतं, ज्याची त्यानं बादली नेऊन फाटकाजवळच्या ड्रममध्ये रिकामी करायची. ओल्या कचऱ्याच्या ड्रमचं झाकण उघडलं, तर वरच खीर होती. सगळीच्या सगळी. खारकेचे तुकडे दिसत होते. आमच्याकडून आदल्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या घरी खीर गेली नव्हती. मी झाकण लावलं, माझी बादली तशीच भरलेली घेऊन वर आले, आणि आत्याबाईंनी विचारलं तर म्हणाले, खाली गर्दी आहे. दुपारी तुमच्या ओजसनं कापडी पिशवीतून डबा आमच्या कडीला अडकवला आणि बेल वाजवून आत गेला. आत्याबाईंनीच पिशवी काढली. डबा लखलखीत घासलेला, जंतुनाशकाचा वास येत होता. त्यांनी झाकण उघडलं. आत काही नव्हतं.

त्या काही रागावल्या नाहीत. डबा मांडणीवर ठेवला आणि मेथी निवडायला बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "लांबून वाढनं मले काई नवं नाई, माय. पन या दारातून रिकामं भांडं पैल्यांदाच पाहून रायली." मग त्यांनी मला त्यांच्या लहानपणचं सांगितलं. पाटलाच्या वाड्यावर लग्न असलं की यांची पंगत शेवटी, गोठ्यापलीकडे. वाढणारा बुंदीचा लाडू वरून सोडायचा. पत्रावळीवर पडला तर बरं, नाहीतर मातीत. त्या म्हणाल्या, लहानपणी मला तो खेळ वाटायचा, मी लाडू झेलायला शिकले होते. हे त्यांनी मेथीची पानं खुडत खुडत, वर न बघता सांगितलं. खीर ड्रममध्ये गेली हे मी त्यांना सांगितलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. वसुधा, मला ते फार लागलं. मोरीत नळ सोडून मी रडले.

पण मी तुझी वकीलही होते. माझ्याच विरुद्ध मी तुझी बाजू मांडायचे. भावजींच्या बायपासला जेमतेम चार महिने झाले होते. मी रोज बँकेत जात होते, पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांच्या रांगा सांभाळत होते, आणि त्याच आठवड्यात आमच्या शाखेतला एक जण पॉझिटिव्ह निघाला होता. ते मीच तुला गॅलरीतून सांगितलं होतं. कुणीही घाबरलं असतं. मी स्वतः त्या दिवसांत कोपऱ्यावरच्या दुकानातून आलेली मिठाई न उघडता फेकली नव्हती का? आणि डब्यात काही घालायचं तर आपल्या हातचं दुसऱ्याच्या घरात कसं धाडायचं, असंही तुला वाटलं असेल. इतकं सगळं मी स्वतःला समजावलं आणि ते मला पटलंही. मग चार दिवस गेले आणि रत्नप्रभाकाकूंचं पन्हं आलं.

तळमजल्यावरच्या, तुमच्यातल्याच काकूंचा मुलगा औषधाच्या दुकानात होता. माझ्यापेक्षा जास्त आजारी माणसं त्याच्या समोर रोज उभी राहात. मी दाराच्या भोकातून बघत नव्हते, खरंच दूध घ्यायला दार उघडलं होतं. काकू जिन्यात उभ्या होत्या, तू जाळी उघडली होतीस, आणि त्यांच्या हातातली पन्ह्याची बाटली तू हातानं घेतलीस. स्टूल तिथेच होतं. संध्याकाळी तुम्ही तिघं गॅलरीत बसून ते पन्हं प्यायलात आणि तू मला पेला उंच करून दाखवलास, म्हणालीस, "काय झालंय गं झकास!" मी हसले. आत येऊन आत्याबाईंकडे बघितलं तर त्या कांदा चिरत होत्या. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं की उकळलेलं ड्रममध्ये गेलं आणि गार होतं ते घशाखाली उतरलं. टीव्हीवरचे सगळे डॉक्टर उलटं सांगत होते, आणि तू तर सगळ्या डॉक्टरांचं ऐकणारी.

त्यानंतर आमच्याकडून तुझ्याकडे काही गेलं नाही. तू एकदा विचारलंसही, काय गं, हल्ली ठेचा रुसलाय का आमच्यावर? मी म्हटलं, बाई, सध्या सगळंच बंद आहे. तू मान डोलावलीस. तेव्हाच विचारायला हवं होतं, पण तोंडावर विचारलं आणि तुझा चेहरा जरा जरी बदलला असता तर पुढे काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं. मैत्रीण गेली असती ती गेलीच असती, वर माझ्या बहिणींचं खरं ठरलं असतं.

मग दुसरी लाट आली आणि तुम्ही दोघंही आडवी झालात. ओजस बंगळुरात, तुमच्या दारावर चिकटवलेला कागद, आणि आतून तुझा खोकला. आत्याबाईंनी मुगाची खिचडी टाकली. मऊ, वर तूप. दोन्ही वेळा. बरं, खिचडी कशात पाठवायच्या ठाऊक आहे? श्रीखंडाचे प्लास्टिकचे डबे जमवून ठेवले होते, त्यात. मला म्हणाल्या, "डबे वापस नको देऊ म्हना, तिकडंच फेका म्हना." मी तुला फोनवर सांगितलं, संसर्ग नको म्हणून परत देऊ नकोस. खरं कारण मला कळलं होतं. या दारातून पुन्हा रिकामं भांडं आलेलं त्यांना बघायचं नव्हतं, आणि उपाशी आजारी माणसाला जेवू न घालणं त्यांना जमणारं नव्हतं. तू बरी झाल्यावर त्यांचे हात धरून रडलीस. त्या तुझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. सगळा मजला तेव्हा गहिवरला होता आणि मलाही वाटलं की झालं, मिटलं. पण रात्रीच्या भाकऱ्या थापताना मन पुन्हा तिथेच. तू अडली होतीस म्हणून खाल्लंस. शिवाय तुला तेव्हा ना वास येत होता ना चव. त्या खिचडीवरून खिरीचं उत्तर कसं काढायचं?

पुढे ओजसनं मुलुंडला घर घेतलं आणि तुम्ही गेलात. मागच्या हिवाळ्यात आत्याबाई गेल्या. तू धावत आलीस, त्यांच्या पायाशी बसलीस, तुझं रडणं खोटं नव्हतं हे मला कळतं. पुण्यानुमोदनाच्या दिवशीही आलीस. भंतेजींचं सगळं होईपर्यंत हात जोडून बसलीस. पानं मांडायला घेतली तेव्हा म्हणालीस, भावजी खाली गाडीत बसलेत, त्यांच्या औषधाची वेळ झाली, आणि गेलीस. औषधाची वेळ असेलही. माणूस एकदा संशयाला लागला की त्याला सगळीकडे तेच दिसतं, आणि मला माझा हा असला स्वभाव अजिबात आवडत नाही. मी अशी नव्हते गं.

एवढं सगळं मी गिळलं होतं आणि मरेपर्यंत गिळून राहिलेही असते. पण गेल्या शनिवारी श्रुतिका आणि ओजस माझ्यासमोर येऊन बसले, आणि त्याच संध्याकाळी तुझ्यासमोर. लग्न करायचं म्हणतात, रजिस्टर, साधं. तुझा लगेच फोन आला, रडतेस काय, हसतेस काय, म्हणालीस, "माधुरी, पोरगी आता माझी गं!" मीही रडले. तुझा आनंद खरा होता, त्यात मला तिळमात्र शंका नाही. फोन ठेवला आणि माझ्या डोळ्यांपुढे तो ड्रम आला. रविवारी तुम्ही तिघं आमच्याकडे जेवायला येताय. तुम्ही जेवाल, कौतुक कराल. होणाऱ्या व्याह्यांच्या घरी कुणीही पोटभर जेवतं, म्हणून त्या जेवणावरून मला काही ठरवायचं नाही. मला रविवारच्या आधी तुझ्या तोंडून ऐकायचं आहे, की ती खीर ओतताना तुझ्या मनात काय होतं. रोगाची भीती होती म्हणालीस, तर मी विश्वास ठेवीन आणि पुन्हा कधी हा विषय काढणार नाही. दुसरं काही होतं, तुझ्याही नकळत कुठेतरी तळाशी, तर तेही सांग. त्यानं लग्न मोडणार नाही, ते त्या दोघांचं आहे; आणि तुला सोडायचं म्हटलं तरी मला सोडता येणार नाही. पण श्रुतिकाला यातलं काहीच ठाऊक नाही. ती लहानपणी जशी यायची तशीच तुझ्या स्वयंपाकघरात शिरेल, तुझ्या पिठात हात घालेल, तुझ्या देवाच्या नैवेद्याचं पान वाढेल. तिला तसंच बिनधास्त जाऊ देऊ, की जवळ बसवून आधी काही सांगून पाठवू, एवढं तू मला सांग.

तुझीच,
माधुरी